सोसायटीचा हिरवा

आमच्याकडं कुणी नवं माणूस आलं की हमखास विचारतं, "दाराला असला हिरवा रंग कावून दिला?" सांगायला बसलं की एकातून दुसरी गोष्ट निघते, दुसरीतून तिसरी, आणि चहा गार होतो. माझी पोरगी म्हणते, "आई, पाटी लावून टाक दारावर, रोज कशाला सांगती." पण ते पाटीवर मावणार नाही. शिवाय सासूबाईंनी सांगितलं तर गोष्ट वेगळी असते, सासऱ्यांनी सांगितलं तर आणखी वेगळी. मी माझ्याकडची सांगते.

आमचं गाव उमापूरजवळ. घरात पाच माणसं. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. सासरे, त्यांना मामा. आमचे मालक बिभीषण, मी मंगल, आणि पोरगी वर्षा. आम्ही ऊसतोडीला जाणारी माणसं. दसरा झाला की मुकादम टोळी गोळा करायचा, आणि आम्ही बैलांच्या टायरगाडीत पेटी, भांडी, गोधड्या टाकून निघायचो. सगळा हिवाळा कारखान्याच्या बाजूला, उसाच्या पाचटाच्या कोपीत काढायचा आणि उन्हं तापल्यावर परत यायचं. घर आमचं होतं, दोन खोल्या, वर पत्रा. पण त्यात दिवाळी आम्ही कधी केली नव्हती. दिवाळीला दाराला कुलूप असायचं.

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी पाऊस पडला नाही. आमच्याकडं नाही आणि आम्ही जिथं जायचो तिथंही नाही. ऊस उभा वाळला. जो थोडा हिरवा राहिला तो जनावरांच्या छावणीला गेला. मुकादमानं मोटरसायकलवरूनच सांगितलं, "यंदा तोड न्हाई. घरी बसा."

आम्ही घरी बसलो. तेव्हा कळलं की घरात बसायला काहीच नाही.

*

दिवाळी जवळ आली तशा आत्याबाई म्हणाल्या, "मंगल, पैल्यांदा घरात दिवाळी हाय. भिंतीला चुना तरी देऊ."

चुना भिजवायला पाणी लागतं. पाणी टँकरचं. टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची. त्या दिवशी आत्याबाईंनी रांगेत एक बादली जादा लावली. मागं सखूबाई उभ्या होत्या, शेजारच्याच.

"गंगूबाई, ही बादली कशाला?"

"चुन्याला."

सखूबाई भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मान्सं तान्हेली हायत आन तू भिंतीला पाजती व्हय?"

आत्याबाईंनी बादली उचलली आणि घरी आणून पालथी घातली.  मला वाटलं, चांगलंच लागलंय. पुढच्या टँकरला त्या मुद्दाम सखूबाईंच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सखे, मी भिंतीला इचारलं. ती म्हनली, ऱ्हाऊ दे, म्होरच्या साली पिते."

*

उमापूरच्या बाजारात शिवलिंगअप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि बोलणं मोजकं. मी त्यांना विचारलं, "अप्पा, पाण्याबिगर घर चांगलं दिसंल असं काय हाय का तुमच्याकडं?"

"ऑइल पेंट," अप्पा म्हणाले. "पाण्याचा थेंब लागत न्हाई. पातळ करायला रॉकेल, पुसायला कोरडं फडकं. बास."

"भिंतीला चालंल?"

"भिंत लई रंग पिती. लाकडाला, पत्र्याला द्या. दार, खिडकी, फर्निचर."

"फर्निचर कुठंय अप्पा आमच्याकडं?"

अप्पांनी जरा विचार केला. "मंग आधी ते बगा. रंग कुठं पळून जात न्हाई."

तो रंग खरंच कुठं पळून गेला नव्हता. दुकानाच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाच्या डब्यांची थप्पी धूळ खात पडली होती. एका गावच्या सोसायटीनं खताच्या गोदामाच्या दारांसाठी सांगितले होते. निम्मे नेले, दारं रंगवायला घेतली, आणि तेवढ्यात निवडणूक होऊन नवे चेअरमन आले. त्यांना हिरवा नको होता, निळा हवा होता. निळा घ्यायला सोसायटीकडं काही उरलं नव्हतं, त्यामुळं दारं अर्धी हिरवी तशीच राहिली आणि उरलेले डबे अप्पांकडं.

"घिऊन जा," अप्पा म्हणाले. "येताजाता पायात येत्यात."

त्यांनी ते जवळजवळ फुकटच दिले. सगळ्यात आधी मी दार रंगवलं. आठवडाही झाला नसेल, दुसऱ्या गावचा एक म्हातारा शेतकरी दारात येऊन उभा राहिला. मामा ओट्यावर बसले होते.

"खत आलं का?" त्यानं विचारलं.

मामांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी दाराकडं बघितलं, त्या माणसाकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाई आलं."

"कवा येईल?"

"पाऊस पडल्यावर."

म्हातारा पटका सारखा करत म्हणाला, "बराबर हाय. सोसायटीच्या मान्सानं इतकं सरळ आजवर सांगितलं न्हवतं." आणि गेला. मामांनी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही की हे घर आहे.

*

मालक तेव्हा घरी नसायचे. बैल जगवायचे म्हणून ते बैल घेऊन छावणीत राहायला गेले होते. छावणी एका सहकारी संस्थेनं उघडली होती. तिथं चारा मिळायचा, पण जनावरासोबत एक माणूस लागायचं. म्हणजे दरवर्षी आम्ही सगळे कोपीत असायचो, त्या वर्षी एकटे मालक होते. आठ-दहा दिवसांनी घरी चक्कर मारायचे.

आमच्या गाडीचं एक झिजलेलं टायर परसात पडलं होतं. बचत गटाच्या मीटिंगला गेवराईला गेले होते तेव्हा तिथं एका बाईच्या घरी टायरचं बसकं बघितलं होतं. टायरला सगळीकडून सुतळी गुंडाळायची, वर फळी ठोकायची, फळीलाही सुतळी. मी आणि वर्षानं दुपारच्या बसून सुतळी गुंडाळली. झालं छान. फक्त फळी नव्हती, म्हणून वरून पोतं ताणून बांधलं आणि त्यावर गोधडीची घडी टाकली.

मामा बघून म्हणाले, "बैल छावनीत, टायर घरात. आता गाडी कशानं हाकायची?"

आत्याबाई म्हणाल्या, "तुमाला कुठं जायचंय?" आणि ऐटीत बसल्या.

पोतं फाटलं. आत्याबाई टायरच्या मधोमध खाली गेल्या, पाय वर, डोक्यावरचा पदर तसाच. आम्ही दोघी हसून बेजार, त्यामुळं ओढायला हातात जोर येईना. शेवटी मामांनी येऊन एक हात धरला. ओढायच्या आधी त्यांनी शांतपणे विचारलं, "आता सांग, कुठं जायचंय?"

*

टायरच्या त्या प्रकारानंतर मामा फळीचं काहीतरी करतील असं मला वाटलं नव्हतं. ते आमच्या रंगकामावर नाराजच होते. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य कोपीत गेलं, त्याला घर सजवणं म्हणजे रिकामा उद्योग वाटायचा. "पावसाळा झाला की निघायचंच हाय," असं ते सारखं म्हणायचे.

एक दिवस सकाळी परसातून हातोड्याचा आवाज आला. जाऊन बघते तर मामा टायरगाडीच्या बाजूच्या फळ्या काढत होते.

"मामा, हे काय करताय? गाडीच्या फळ्या त्या."

"गाडी उनात उभी हाय. लाकूड चिरत चाललंय," ते म्हणाले. वर बघितलं नाही. "फळ्या तरी सावलीत येतील."

त्या फळ्यांचा त्यांनी बाक केला. खाली पाय म्हणून विटांचे दोन ठोकळे, वर तीन फळ्या. फळ्यांवर वर्षानुवर्षं ऊस घासून घासून त्या इतक्या गुळगुळीत झाल्या होत्या की पॉलिश पेपर लागलाच नाही. मी हिरवा रंग दिला. रंग वाळेपर्यंत मामा त्याच्या आसपास कुणाला फिरकू देईनात. वर्षाला दोनदा, मांजराला अनेकदा हाकललं.

वाळल्यावर पहिले तेच बसले. बसले ते अगदी कडेला, पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. गाडी हाकताना बसतात तसे. समोरच्या भिंतीकडं बघत बसले.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "मागं सरका. बैल न्हाईत."

*

बाकाच्या शेजारी आम्ही आत्याबाईंची लोखंडी पेटी ठेवायची ठरवली. ही पेटी त्यांच्या लग्नातली, त्यांच्या वडलांनी दिलेली. प्रत्येक हंगामाला गाडीत जायची, प्रत्येक हंगामाला परत यायची. गंजून काळी झाली होती. समोरच्या बाजूला पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं, पण गंज आणि धुरानं काही वाचता यायचं नाही.

"तेवढं नाव पुसू नको," आत्याबाई म्हणाल्या. "बापानं मुद्दाम घालून घेतलं होतं. म्हनले होते, गंगे, तुझं नाव घालून आनलीय पेटी."

आत्याबाईंना वाचता येत नाही. मी पॉलिश पेपरनं गंज हळूहळू घासत गेले आणि अक्षरं उघडी पडायला लागली. आधी मला वाटलं माझंच चुकतंय. म्हणून वर्षाला बोलावलं. तिनं शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, "चि. सौ. कां. शकुंतला."

 वर्षानं विचारलं, "आजी, शकुंतला कोन?"

आत्याबाई पेटीजवळ येऊन बसल्या. अक्षरांवरून बोट फिरवलं. "म्हंजी जुनी घेतली व्हती व्हय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाजारात दुकानदारानं सांगितलं आसंल काय बी. बापाला बी कुठं वाचता येत होतं."

मी म्हणाले, "आत्याबाई, यावर रंग देते. वर तुमचं नाव घालू."

त्यांनी मान हलवली. "नको. एवढी वर्षं तिच्या नावानं वापरली. ऱ्हाऊ दे बिचारीचं."

मी सगळी पेटी हिरवी केली आणि नावाभोवती चौकट सोडली. आजही कुणी विचारलं, "ही शकुंतला कोन?" तर आत्याबाई सांगतात, "मीच."

*

पडद्यांना कापड विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. लग्नकार्यात आहेर म्हणून साड्या येतात, त्यातल्या काही इतक्या पातळ असतात की नेसता येत नाहीत. त्या आपण पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला देतो, तीही पुढं देते. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. अशी एक जांभळी साडी माझ्याकडं होती. ती मधून कापून मी दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीला पडदा केला.

संध्याकाळी सखूबाई आल्या. आल्या आल्या पडद्यासमोर थांबल्या, काठ हातात घेतला. मला एकदम आठवलं की ही साडी वर्षाच्या बारशाला सखूबाईंनीच दिली होती. 

सखूबाईंनी काठ उलटा करून बघितला, मग सोडला. "मला वाटलं, कवाच फिरवली आसशील," त्या म्हणाल्या. "दाराला का व्हईना, घरात तर हाय. मी त्वा दिलेली फिरवली."

*

वर्षा तेव्हा चौथीत होती. दरवर्षी दसऱ्यापर्यंत शाळेत जायची, मग आमच्याबरोबर फडात. परत आलो की परीक्षा झालेली असायची. सर पुढच्या वर्गात बसवायचे, पण तिला मागच्या वर्गातलंच अर्धं येत नसायचं. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि ती शाळेत जाऊन बसली. सरांना सवय नव्हती. त्यांनी विचारलं, "तू अजून हितंच?"

वर्षा म्हणाली, "सर, ऊसच न्हाई."

सर एकदा घर बघायला आले. संत्र्याच्या दोन लाकडी खोक्यांचं आम्ही तिला टेबल केलं होतं, हिरवंच. सर म्हणाले भिंतीच्या एका तुकड्याला काळा रंग द्या, फळा होईल. अप्पांकडं काळा थोडासा होता. फळा झाला. वर्षा दोन दिवस त्यावर गणितं करत होती. तिसऱ्या दिवशी शाळेतून आली तर फळ्यावर जागा नव्हती. मामांनी दिवाळीपासूनचा एकेक दिवस आठवून खडूनं टँकरची चित्रं काढली होती. टँकर आला की एक चित्र, नाही आला की नुसतं चाक. सगळा फळा चाकांनी भरला होता.

वर्षानं रडत सरांना सांगितलं. सरांनी येऊन फळा बघितला, बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "पोरी, तू वहीत कर गणित. हे पुसू नको."

*

पुढच्या वर्षी पाऊस झाला. फार नाही, पण झाला. लोक विचारतात मग पुढं काय झालं, म्हणून सांगते. बैल छावणीतून परत आले. गाडीला नव्या फळ्या लागल्या, कारण जुन्या द्यायला मामा तयार नव्हते. दसऱ्यानंतर मी आणि मालक दोघंच तोडीला गेलो. आत्याबाई, मामा आणि वर्षा घरी राहिले. वर्षा पाचवीची परीक्षा द्यायला शाळेत होती. फडातून फोन केला की आत्याबाई सांगायच्या आज कोण कोण येऊन बसून गेलं. दोन वर्षांनी आमची गाडी गेली ती शेवटची. मालक आता उमापूरला अप्पांच्या दुकानात आहेत, गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन रंगकाम करतात. मी बचत गटातल्या बायकांना जुन्या पेट्या, खाटा रंगवायला शिकवते. गल्लीत आता सहज दहा-बारा हिरवी दारं आहेत. अप्पांचे डबे कधीच संपले. बायका निळ्यात पिवळा मिसळून तोच हिरवा करायला बघतात, आणि प्रत्येकीचा वेगळा होतो.

*

यात मधलं एक राहिलं, मुकादम आला होता तेव्हाचं.

आमच्या मुकादमाला आम्ही वर्षानुवर्षं ओळखायचो. माणूस वाईट नव्हता. पण तो कधी कुणाच्या घरात गेला नाही. गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल लावायचा, इंजिन बंद करायचा नाही, आणि तिथूनच ओरडायचा, "ए बिभ्या, चल बे, नाव सांग." मालक पळत जायचे. मामांना "म्हाताऱ्या" म्हणायचा. मला तर काहीच म्हणायचा नाही. नवरा-बायको मिळून हिशोबात एक कोयता धरतात, त्यात बायकोचं नाव लागत नाही.

पाऊस झाल्यावर भाद्रपदात तो आला. नेहमीसारखा ओरडला. मालक जेवत होते. ते म्हणाले, "आत या की. जेवतोय." मुद्दाम म्हणाले नाहीत, खरंच तोंडात घास होता.

मोटरसायकल बंद झाली. मुकादम दारापर्यंत आला आणि आत डोकावला. त्यानं दार बघितलं, पडदा बघितला, फळा बघितला. मग मागं सरकला. मला वाटलं चालला. पण त्यानं वाकून बूट काढले. बूट नीट जोडीनं दाराशी ठेवले आणि आत आला. कुठं बसावं ते त्याला कळेना. आत्याबाई म्हणाल्या, "बसा." तो बाकावर बसला, गुडघे जवळ घेऊन, अगदी परक्या घरी बसावं तसा. मामा दारात बसलेले होते, रस्त्याकडं तोंड करून. वर्षा खाली बसून लिहीत होती, तिच्या वहीला पाय लागू नये म्हणून त्यानं ती हातानं बाजूला केली.

मी चहा दिला. त्यानं कप घेताना माझ्याकडं बघून मान हलवली. मालक हात धुऊन येऊन समोर बसले.  मुकादमानं चहा संपवला, कप हळूच खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाला,

"बिभीषणराव, यंदा तुमचं काय म्हननं हाय?"

दारात बसलेल्या मामांनी मान वर केली. उजवीकडं गल्लीत बघितलं, मग डावीकडं बघितलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. मग मागं वळून मला विचारलं, "मंगल, बिभीषणराव म्हनून कोन पावनं आलंय गं?"